इलेक्ट्रिक कारची आश्वासने: कोणती पाळली जातात, कोणती नाहीत

इलेक्ट्रिक कार बनवणाऱ्या कंपन्या ग्राहकांना जे सांगून गाडी विकतात, ते प्रत्यक्षात उतरते का, असा प्रश्न आहे. वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांची खरेदीपूर्व तपासणी करणे आणि वॉरंटीच्या दाव्यांसाठी बॅटरीचे अहवाल तयार करणे हे गेली अनेक वर्षे माझे काम आहे, त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोके माझ्यासमोर येतात: कंपनीचे कागद आणि गाडीतून निघालेले आकडे. माझे उत्तर असे की जी गोष्ट लेखी हमीत आहे, मोजता येते आणि न पाळल्यास कंपनीच्या खिशाला झळ पोहोचवते, ती बहुतेक कंपन्या पाळतात. जी गोष्ट विशिष्ट परिस्थितीत खरी आहे, पण ती परिस्थिती जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेली आहे, ती ग्राहकाच्या हाती अर्धीमुर्धी पडते. आणि जी गोष्ट पुढे कधीतरी होणार म्हणून आज विकली जाते, मग ती तारीख असो, किंमत असो किंवा सॉफ्टवेअर, तिच्यावर पैसे लावू नयेत, असेच आजवरचा इतिहास सांगतो.

सर्वांत जास्त तक्रारी पल्ल्याच्या, म्हणजे ज्याला सगळे रेंज म्हणतात, तिच्या असतात. येथे आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. जाहिरातीतला पल्ला कंपनीने मनाने लिहिलेला नसतो, तो नियामकाने ठरवून दिलेल्या चाचणीतून येतो. पण चाचणी बदलली की आकडा बदलतो, आणि किती बदलतो याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डिसेंबर २०१० मध्ये विक्रीस आलेली निसान लीफ. तिची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची होती (एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट). युरोपात तेव्हा चालू असलेल्या एनईडीसी चाचणीनुसार तिचा पल्ला १७५ किमी होता, आणि अमेरिकेच्या ईपीए या संस्थेच्या पद्धतीनुसार ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किमी. गाडी तीच, बॅटरी तीच, आणि फरक जवळजवळ ६० किमीचा. युरोपातल्या ग्राहकाला कोणी खोटे सांगितले नव्हते, तरीही १७५ किमी गृहीत धरून ज्याने रोजचा प्रवास आखला, त्याची फसगत झालीच.

२०१७ पासून युरोपात डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली आणि आकडे बरेच सुधारले. तरीसुद्धा ती सुमारे २३ अंश तापमानात, प्रयोगशाळेतल्या रोलरवर, वातानुकूलन बंद ठेवून होते. चाचणीतला कमाल वेग १३१ किमी प्रतितास असला तरी तो फार थोडा वेळ असतो आणि सरासरी वेग ४६.५ किमीच पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० च्या वेगाने जाणारी गाडी १२० वर नेली की हवा कापण्यासाठी प्रत्येक किलोमीटरमागे लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. पेट्रोल गाडीतही हेच घडते, पण तिथे इंजिनाचा अपव्यय आधीच इतका मोठा असतो की ही वाढ डोळ्यांवर येत नाही. इलेक्ट्रिक गाडीत वाया जाणारे मुळात थोडे असल्यामुळे तीच वाढ लगेच जाणवते. शिवाय पेट्रोल गाडीला पंप वाटेत कुठेही मिळतो, त्यामुळे तिच्यातली ही वाढ कोणी मोजतही नाही.

थंडीचे गणित तर त्याहून विचित्र आहे आणि ते ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही. पेट्रोल गाडीत केबिन गरम होते ती इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. इलेक्ट्रिक गाडीत ती उष्णता बॅटरीतून विकत घ्यावी लागते. समजा हीटर सतत ३ किलोवॅट घेतो आहे. ताशी १०० किमी वेगाने जाताना १०० किमी अंतराला एक तास लागतो, म्हणजे हीटरचा खर्च ३ किलोवॅट-तास. तीच गाडी शहरातल्या गर्दीत ताशी २५ किमी सरासरीने चालली, तर १०० किमी अंतरासाठी चार तास हीटर चालतो आणि खर्च होतो १२ किलोवॅट-तास. गाडीला चालण्यासाठी मुळात १५ किलोवॅट-तास लागत असतील, तर पल्ला जवळपास निम्म्यावर येतो. म्हणूनच ‘शहरात पल्ला वाढतो’ हे सर्वसाधारण विधान कडाक्याच्या थंडीत उलटे ठरते. अमेरिकेतील ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच गाड्या उणे ७ अंशांच्या आसपास हीटर चालू ठेवून तपासल्या, तेव्हा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. नॉर्वेच्या वाहनचालक महासंघाने २०२० च्या हिवाळ्यात प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी घेतली, तेव्हा जाहीर पल्ल्याच्या तुलनेत सरासरी घट १८.५ टक्के होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. चाचणीची पद्धत, हीटरचा वापर आणि गाडीत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे उपकरण, आहे की नाही, यांवर फरक पडतो. दक्षिण कोरियाच्या स्पर्धा नियामकाने जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाला २८५ कोटी वॉनचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर: थंडीत पल्ला जाहिरातीपेक्षा ५०.५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, हे ग्राहकाला नीट सांगितले गेले नव्हते. हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो, कारण आकडा खोटा आहे का, एवढ्यावर नियामक थांबला नाही. आकड्यामागची अट लपवली का, हेही त्याने विचारले.

सगळ्याच कंपन्या आकडा ताणतात असेही नाही. पोर्श टायकानच्या पहिल्या टर्बो आवृत्तीला ईपीएचा पल्ला मिळाला होता फक्त २०१ मैल, आणि स्वतंत्र चाचण्यांत ती गाडी त्याहून बरीच पुढे गेली. ईपीएच्या पद्धतीत प्रयोगशाळेतला निकाल साधारण ०.७ ने गुणून कमी करण्याची सोय आहे. कंपनीला हवे असेल तर जादा चाचण्या करून हा गुणक आपल्या बाजूने सुधारून घेता येतो. म्हणजे एकाच देशात, एकाच नियमाखाली, एक कंपनी हात राखून आकडा देते आणि दुसरी शेवटचा मैलही पिळून काढते. म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करणे धोक्याचे असते.

माझ्याकडे येणाऱ्या खरेदीदारांना मी कागदावर एक साधे गणित करून दाखवतो. जाहीर पल्ला ५०० किमी असेल, तर महामार्गावरच्या वेगामुळे तो ४०० च्या आसपास येतो, असे धरावे. लांबच्या प्रवासात आपण १०० टक्क्यांपासून शून्यापर्यंत कधीच जात नाही. पहिला टप्पा सोडला तर जलद चार्जरवर ८० टक्क्यांना थांबायचे आणि १० टक्क्यांच्या आसपास पुढचा चार्जर गाठायचा, असा क्रम असतो, म्हणजे प्रत्येक टप्प्यात बॅटरीचा ७० टक्के भाग वापरला जातो. ४०० चे ७० टक्के म्हणजे २८० किमी. दोन थांब्यांमधले खरे अंतर हे आहे. ज्याला २८० किमी पुरतात त्याने निर्धास्तपणे गाडी घ्यावी, ज्याच्या डोक्यात ५०० बसले आहेत त्याने आधी ते काढून टाकावे.

चार्जिंगच्या वेगाबाबत आश्वासन आणि अनुभव यांतले अंतर पल्ल्यापेक्षाही मोठे असते. जाहिरातीत दिसतो तो शिखराचा आकडा, म्हणजे अमुक इतके किलोवॅट. पण बॅटरी तो वेग फार थोडा वेळ घेते. चार्ज वाढत जातो तसा वेग उतरतो, आणि ८० टक्क्यांनंतर तर तो इतका मंदावतो की शेवटच्या २० टक्क्यांना कधी कधी आधीच्या ७० इतकाच वेळ लागतो. २५० किलोवॅटचे शिखर गाठून दोन मिनिटांत खाली येणारी गाडी आणि १५० वर बराच वेळ टिकणारी गाडी, यांत दुसरी अनेकदा आधी मोकळी होते. त्यात तापमानाचा भाग येतो. थंड बॅटरीत जोराने विद्युतप्रवाह ढकलला तर लिथियम ऋणाग्राच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, क्षमता कायमची घटते आणि सेल, म्हणजे बॅटरीतला सुटा घटक, धोकादायक होतो. म्हणून बॅटरीची नियंत्रण-प्रणाली, म्हणजे बीएमएस, स्वतःहून वेग आवरते. चार्जरला लॅपटॉप जोडून मी हे अनेकदा पाहिले आहे: चार्जर २०० किलोवॅट द्यायला तयार असतो, गाडी मागते फक्त ४०, आणि सेलचे तापमान हळूहळू चढत जाते तशी ही मागणी पायरीपायरीने वाढत जाते. मालक चार्जरवाल्यावर चिडलेला असतो, पण चार्जर निर्दोष असतो आणि गाडीही स्वतःचे रक्षण करत असते. चूक विक्रीच्या वेळी हे न सांगणाऱ्याची असते.

ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने, म्हणजे अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स अथॉरिटीने, या विषयावर दोनदा ठाम भूमिका घेतली आहे. २०१८ मध्ये निसान लीफच्या जलद चार्जिंगच्या वेळेविषयीचे विधान दिशाभूल करणारे ठरवण्यात आले. ४० किलोवॅट-तासांच्या त्या लीफमध्ये बॅटरी थंड करणारी सक्रिय यंत्रणा नव्हती, त्यामुळे एकाच दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या जलद चार्जला वेग फार पडत असे. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाई आयोनिक ५ आणि टोयोटा बीझेड४एक्स यांच्या जाहिरातींवर आक्षेप मान्य झाले. आयोनिक ५ ही १० ते ८० टक्के १८ मिनिटांत चार्ज होते, हे खरे आहे, मी स्वतः त्याच्या अगदी जवळचे आकडे पाहिले आहेत. मात्र त्यासाठी ३५० किलोवॅटचा चार्जर लागतो आणि बॅटरी योग्य तापमानाला असावी लागते. असे चार्जर किती ठिकाणी आहेत, हे जाहिरातीतून कळत नव्हते. ह्युंदाईच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या आयोनिक ५ मध्ये चार्जरकडे जाताना बॅटरी आधीच गरम करून ठेवण्याची सोय नव्हती, ती नंतर सॉफ्टवेअर अद्ययावत करून दिली गेली.

आता बॅटरीच्या आयुष्याकडे येतो. ग्राहकाला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची असते, आणि कंपन्यांनी सर्वांत चांगली कामगिरी केली आहे ती नेमकी इथेच. सुरुवात वाईट होती. २०१२ च्या सुमारास ॲरिझोनाच्या उन्हात पहिल्या लीफ गाड्यांची क्षमता झपाट्याने घसरू लागली. मालकांनी तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि निसानने मूळ वॉरंटीत नसलेली क्षमतेची हमी मागील गाड्यांनाही लागू केली: ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत मीटरवरच्या १२ पट्ट्यांपैकी ९ पेक्षा कमी उरल्या तर बॅटरी दुरुस्त करून देणे. त्या प्रकरणातून सगळ्या उद्योगाने धडा घेतला. आज ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमी आणि किमान ७० टक्के क्षमता, ही जवळपास सर्वमान्य हमी झाली आहे. बहुतेक गाड्यांत बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय असते. आणि प्रत्यक्षात घट या हमीपेक्षा बरीच हळू होते. जिओटॅब या वाहन-माहिती कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये काढलेली सरासरी घट वर्षाला १.८ टक्के होती. त्या हिशेबाने ८ वर्षांनी ८५ टक्क्यांच्या आसपास क्षमता उरते, आणि माझ्या तपासणीत येणाऱ्या जुन्या गाड्यांचे आकडेही साधारण याच पट्ट्यात पडतात. म्हणजे इथे कंपन्यांनी सांगितले त्याहून जास्त दिले आहे.

तरीही या हमीचा कागद बारकाईने वाचावा लागतो, कारण त्यात दोन वेगळी आश्वासने असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक असते क्षमतेचे: बॅटरी ७० टक्क्यांखाली गेली तर आम्ही जबाबदार. दुसरे असते दोषाचे: साहित्यात किंवा जोडणीत खोट निघाली तर आम्ही जबाबदार, मग क्षमता कितीही असो. एक प्रसंग सांगतो, कंपनीचे नाव घेण्याची गरज नाही. एका मालकाची गाडी चार्ज १५ टक्के दिसत असताना अचानक शक्ती कमी करून रांगू लागे. सर्व्हिस सेंटरने बीएमएसमधला आकडा पाहिला, बॅटरीचे आरोग्य ८४ टक्के निघाले, आणि ७० च्या वर आहे म्हणून दावा फेटाळला. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी ती मुद्दाम १० टक्क्यांपर्यंत उतरवली आणि प्रत्येक सेल-गटाचा व्होल्टेज वाचला. बाकी सगळे गट एकमेकांपासून १५-२० मिलिव्होल्टच्या आत होते, एकच गट इतरांपेक्षा २०० मिलिव्होल्टने खाली होता. पूर्ण चार्जवर हा फरक दिसतच नाही, कारण तिथे सगळे गट समान करून ठेवलेले असतात. पण बॅटरी रिकामी होताना सर्वांत अशक्त गट आधी तळ गाठतो आणि बीएमएस संपूर्ण गाडीला आवरते. मी अहवालात हा आलेख जोडला आणि दावा क्षमतेच्या कलमाखाली न करता दोषाच्या कलमाखाली करायला सांगितला. काही आठवड्यांत मॉड्यूल, म्हणजे सेलचा तो संच, बदलून मिळाले. वॉरंटीने आश्वासन पाळले, पण ते कोणत्या कलमाखाली मागायचे हे ग्राहकाला कळल्यावर.

त्याच कागदात आणखी काही जागा असतात. क्षमता मोजणार कोण आणि कोणत्या पद्धतीने, हे बहुधा कंपनीच ठरवते. बीएमएसमधला आरोग्याचा आकडा हा अंदाज असतो, तो एक-दोन पूर्ण चार्ज-डिस्चार्जनंतर काही टक्के इकडेतिकडे सरकू शकतो. बॅटरी बदलून मिळते तेव्हा ती नवीच असेल असे नाही. अनेक हमींमध्ये दुरुस्त केलेली किंवा गाडीच्या वयाला साजेशी क्षमता असलेली बॅटरी देण्याची मुभा कंपनीने राखून ठेवलेली असते. गाडी महिनोन् महिने शून्य चार्जवर उभी ठेवली किंवा पाण्यात बुडाली तर हमी लागू होत नाही. दुसऱ्या मालकाला ती पूर्ण मिळते की कमी, हे कंपनीगणिक वेगळे आहे.

बॅटरीतला दोष मोठ्या प्रमाणावर उघड झाला तेव्हा कंपन्या कशा वागल्या, हे पाहण्यासाठी दोन घटना पुरेशा आहेत. शेव्हरोले बोल्टच्या सेलमध्ये फाटलेला अॅनोड टॅब (ऋणाग्राची जोडपट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (दोन अग्रांमधला पडदा) हे दोन दोष एकत्र आले की आग लागू शकते, असे निष्पन्न झाले. २०२१ मध्ये जनरल मोटर्सने तोवर विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना ९० टक्क्यांपुढे चार्ज करू नका, घराला लागून गाडी लावू नका, असे सांगितले गेले. ज्याने घरच्या घरी रात्रीत चार्ज होणारी गाडी म्हणून ती घेतली होती, त्याच्यासाठी मधले ते महिने वचनभंगच होते. पण शेवटी असंख्य गाड्यांत नवी मॉड्यूल बसवली गेली आणि त्यांना नवी ८ वर्षांची हमी मिळाली. खर्चापैकी १९० कोटी डॉलरपर्यंतची भरपाई सेल पुरवणाऱ्या एलजीने मान्य केली. त्याच वर्षी ह्युंदाईने कोना आणि इतर मिळून सुमारे ८२ हजार गाड्यांची बॅटरी बदलण्याचा निर्णय घेतला, ज्याचा अंदाजित खर्च १ लाख कोटी वॉन होता. असा खर्च पेलू शकणारी कंपनी असणे हीसुद्धा ग्राहकाच्या संरक्षणाची एक बाजू आहे, आणि तिच्याकडे पुढे परत यावे लागेल.

याउलट घडलेली घटनाही नोंदवली पाहिजे. मे २०१९ मध्ये टेस्लाने काही मॉडेल एस गाड्यांना दुरून सॉफ्टवेअर पाठवले आणि त्यानंतर त्यांच्या बॅटरीचा कमाल व्होल्टेज कमी झाला, म्हणजे पल्ला घटला. मालकाला विचारले गेले नव्हते. २०२१ मध्ये झालेल्या तडजोडीत १,७४३ मालकांना प्रत्येकी सुमारे ६२५ डॉलर मिळाले. रक्कम लहान आहे, तत्त्व मोठे आहे: विकलेल्या वस्तूचा गुणधर्म विक्रीनंतर कंपनी एका रात्रीत बदलू शकते, हे मोटारीच्या इतिहासात यापूर्वी शक्यच नव्हते.

सॉफ्टवेअरच्या आश्वासनांत मला सर्वांत जास्त अन्याय दिसतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाने जाहीर केले की यापुढे कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत संपूर्ण स्वयंचलनासाठी लागणारे हार्डवेअर असेल. २०१७ संपण्याआधी एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत चालकाने हात न लावता गाडी नेऊन दाखवू, असे इलॉन मस्क म्हणाले होते. ते प्रात्यक्षिक झाले नाही. २०१९ मध्ये नवा संगणक आला आणि ज्यांनी या सुविधेचे पैसे भरले होते त्यांना तो बसवून देण्यात आला. २०२४ मध्ये सुविधेच्या नावातच ‘देखरेखीखालील’ असा शब्द जोडला गेला. आणि जानेवारी २०२५ मध्ये मस्क यांनी मान्य केले की २०१९ च्या संगणकाच्या गाड्यांनाही पुन्हा बदल लागेल. ज्याने २०१६ मध्ये हजारो डॉलर मोजले, त्याची गाडी मधल्या काळात म्हातारी झाली, अनेकांनी ती विकूनही टाकली, आणि विकत घेतलेली गोष्ट त्यांच्या हाती कधी आलीच नाही. गाडीचे आयुष्य मर्यादित असते, म्हणून ‘लवकरच’ या शब्दाची किंमत ग्राहकासाठी दरवर्षी घटत जाते, कंपनीसाठी मात्र घटत नाही.

जुन्या, प्रस्थापित कंपन्याही यात मागे नाहीत. फोक्सवॅगनने २०२० मध्ये आयडी.३ पहिल्या ग्राहकांना दिली तेव्हा काही सुविधा अपूर्ण होत्या, आणि दुरून अद्ययावत होणारी गाडी म्हणून विकलेल्या त्या गाड्यांना सुरुवातीच्या अद्ययावतीकरणासाठी वर्कशॉपमध्ये न्यावे लागले. व्होल्वोने ईएक्स९० च्या छतावरील लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारे उपकरण, हे सुरक्षेचे मुख्य वैशिष्ट्य म्हणून मांडले, गाड्या दिल्या तेव्हा ते कार्यरत नव्हते, आणि पुढे कंपनीने लायडारच वगळण्याचा निर्णय घेतला. त्याच व्होल्वोने आधीच्या मालकांना अधिक ताकदीचा संगणक मोफत बसवून देण्याचे ठरवले, हेही खरे. दुरून येणारे सॉफ्टवेअर नेहमी काढूनच घेते असे नाही. २०१८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक-संस्थेने टेस्ला मॉडेल ३ चे ब्रेक लागण्याचे अंतर फार जास्त असल्याचे दाखवले, तेव्हा काही दिवसांत आलेल्या अद्ययावतीकरणाने ते जवळपास १९ फुटांनी कमी झाले. पण त्या संस्थेच्याच सर्वेक्षणात २०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांत पारंपरिक गाड्यांपेक्षा ७९ टक्के अधिक समस्या आढळल्या होत्या, २०२४ मध्ये हे प्रमाण ४२ टक्क्यांवर आले. ती सुधारणा मोठी होती, तरी ‘हलते भाग कमी, म्हणून बिघाड कमी’ हे विक्रेत्याचे आवडते वाक्य अजून पुरते सिद्ध झालेले नाही. मोटर खरोखरच फारशी बिघडत नाही. त्रास देतात ते चार्जिंगचे घटक, पडदे, दरवाज्यांच्या मुठी आणि १२ व्होल्टची साधी बॅटरी.

किंमत आणि तारखा यांच्याविषयी थोडक्यात. टेस्लाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सायबरट्रक ३९,९०० डॉलरपासून आणि सर्वांत वरच्या आवृत्तीत ५०० मैलांहून अधिक पल्ल्यासह जाहीर केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या गाड्या दिल्या गेल्या तेव्हा विक्रीस असलेली दुहेरी मोटारीची आवृत्ती ७९,९९० डॉलरची होती आणि पल्ला ३४० मैलांचा. २०१७ मध्ये दाखवलेली नवी रोडस्टर २०२० मध्ये येणार होती, ती २०२५ पर्यंतही ग्राहकांना मिळाली नव्हती. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगची सुरुवातीची किंमत २०२१ मध्ये ३९,९७४ डॉलर जाहीर झाली आणि २०२३ च्या वसंतापर्यंत सुमारे २० हजारांनी वाढली. मार्च २०२२ मध्ये रिव्हियनने आधी नोंदणी केलेल्यांनाही वाढीव किंमत लावली, ग्राहकांनी धडाधड नोंदणी रद्द करायला सुरुवात केली, आणि दोनच दिवसांत प्रमुख आर. जे. स्कारिंज यांनी माफी मागून जुन्या ग्राहकांसाठी जुनी किंमत कायम ठेवली. परत मिळणारी बुकिंग रक्कम म्हणजे करार नव्हे, हे यातून लक्षात घ्यावे.

मघाशी मोठ्या खर्चाचा उल्लेख केला, त्याची दुसरी बाजू फिस्करच्या ग्राहकांनी अनुभवली. जून २०२४ मध्ये फिस्कर ही अमेरिकी इलेक्ट्रिक कार कंपनी दिवाळखोरीत गेली. ओशन या गाडीचे हजारो मालक अचानक हमीशिवाय, सुट्या भागांशिवाय आणि सॉफ्टवेअर कोण चालवणार याच्या खात्रीशिवाय उरले. मालकांनी स्वतःची संघटना उभारून गाड्या चालू ठेवण्याची धडपड केली. दशकभरापूर्वी, २०१३ मध्ये, बॅटरी अदलाबदलीचे जाळे उभारणारी बेटर प्लेस बंद पडली तेव्हा इस्रायल आणि डेन्मार्कमधल्या तिच्या ग्राहकांवर हीच पाळी आली होती. अदलाबदलीची कल्पना चुकीची नव्हती, चीनच्या निओने तीच कल्पना मोठ्या जाळ्याने प्रत्यक्षात आणून दाखवली आहे. पेट्रोल गाडीची कंपनी बुडाली तरी गल्लीतला मेकॅनिक ती चालवून देतो. इलेक्ट्रिक गाडीचे निदान, चावी आणि दुरुस्तीचे परवाने कंपनीच्या सर्व्हरवर असतील, तर ८ वर्षांच्या हमीला ती कंपनी ८ वर्षे जगेल याचाच आधार असतो.

म्हणून सल्ला मागणाऱ्याला मी सांगतो की गाडी आज, शोरूमच्या आवारात, जे करून दाखवते तेवढ्याचेच पैसे द्यावेत. जे नंतर येणार आहे त्याची किंमत शून्य धरावी, आणि शून्य धरूनही सौदा परवडत असेल तरच पुढे जावे. चाचणी-फेरीत महामार्गावर नेहमीच्या वेगाने किमान अर्धा तास गाडी चालवून ऊर्जेचा वापर प्रति १०० किमी किती दिसतो, तो लिहून घ्यावा, वापरता येण्याजोग्या क्षमतेला त्याने भागावे आणि १०० ने गुणावे, म्हणजे खरा पल्ला कळतो. हमीच्या माहितीपत्रकावर न थांबता संपूर्ण हमीपत्र मागून घ्यावे. विक्रेता तोंडी काही जास्तीचे सांगत असेल तर ते ईमेलवर मागावे. वापरलेली गाडी घेताना बॅटरी-अहवाल कमी चार्जवरच्या सेल-व्होल्टेजसह हवा, एकट्या टक्केवारीवर समाधान मानू नये.

ग्राहकाचे ओझे काही अंशी कायदा उचलू लागला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ नुसार बॅटरीने ५ वर्षे किंवा १ लाख किमीनंतर ८० टक्के आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमीनंतर ७० टक्के क्षमता राखणे अपेक्षित आहे. युरोपच्या युरो ७ नियमाने ती दुसरी मर्यादा ७२ टक्क्यांवर नेली. यात वॉरंटीपेक्षा वेगळे असे की ही पात्रता गाडीच्या मंजुरीशी जोडलेली आहे, आणि आरोग्याचा आकडा मालकाला वाचता आला पाहिजे व तो खरा आहे का हे नमुना-गाड्यांवर तपासले गेले पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक नव्या वाहन-बॅटरीला डिजिटल पासपोर्ट असेल. तो लागू झाला की बॅटरीची मूळ क्षमता आणि तिचा इतिहास यांसाठी दुसऱ्या मालकाला फक्त कंपनीच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही.